मोडीत लिहिलेले सरडे

सुप्याच्या बाजारात बांगड्या-टिकल्यांचं एक दुकान होतं. त्या दुकानदाराकडून मी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं. मी काही विचारलं नव्हतं. त्यानेच मला पायरीवर थांबवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या गायरानात एक मानूस फिरतो बघा. पन्नाशीचा आसंल. एकटाच ऱ्हातो. अन् दर पंधरा दिसाला माझ्याकडनं चार रंगांचं नेलपॉलिश नेतो."

"बरं, मग?"

"मग काय? बायको न्हाई, लेक न्हाई. मी इचारलं, कुनासाठी नेता? तर म्हनला, नरांसाठी."

मी तेव्हा नुकताच त्या भागात तलाठी म्हणून रुजू झालो होतो. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, चहा पाजतात आणि तो उठून गेला की त्याच्याबद्दल बोलतात. माझ्याबद्दल जरा जास्त बोलत असावेत. मी मिरजगावकडचा, बौद्ध घरातला. पहिल्या आठवड्यातच गावाने माझं आडनाव, माझ्या मामाचं गाव, सगळं काढून ठेवलं होतं.

दुकानदाराने सांगितल्यावर चारच दिवसांनी माझ्या टेबलावर अर्ज आला. गावचे माजी सरपंच होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. अर्ज त्यांचा होता. 'गायरानात एक अज्ञात इसम खुंट्या रोवून व दगडांवर आकडे टाकून मोजणी करीत आहे. आरशाने खुणा करतो. दुर्बीण बाळगतो. तरी चौकशी व्हावी.'

आज हे वाचून हसू येईल. तेव्हा नव्हतं येत. सुप्याला कारखान्यांची वसाहत उभी राहत होती आणि आसपासच्या गावांत रोज एक नवी अफवा यायची. आज ह्यांची जमीन जाणार, उद्या त्यांची. माळावर टेप घेऊन कोणी वाकलेला दिसला की लोक हातातलं काम टाकून बघत राहायचे.

मी दुपारी एकच्या सुमाराला माळावर गेलो. चैत्र संपत आलेला. दगड इतके तापलेले की चपलेतून चटका बसत होता. माळाच्या मधोमध एक काळी छत्री उघडी होती आणि तिच्याखाली एक माणूस उकिडवा बसला होता. गळ्यात दुर्बीण, डोक्याला ओला पंचा, पुढ्यात न्हाव्याकडे असतो तसा छोटा आरसा. मी जवळ गेलो तसा त्यांनी मान न वळवता हात वर केला. मी थांबलो.

"बसा. सावली पाडू नका."

मी बसलो.

"कशासाठी आलात?"

"सहज आलो होतो," मी म्हणालो. अर्ज माझ्या खिशात होता.

"सहज कोणी येत नाही," ते म्हणाले आणि बोटाने आरशाकडे दाखवलं.

आरशासमोर हातभर अंतरावर एक सरडा बसला होता. मातकट, काडीसारखा, अंगठ्याएवढ्या दगडावर. अशाला आपण सरडा म्हणून बघतही नाही. पाठीवर लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग त्याला आरशात दुसरा सरडा दिसला असावा. त्याने पुढचे पाय ताठ केले आणि गळ्याखालची कातडी अशी फटकन उघडली, जसा कुणी घडीचा पंखा उघडावा. मोरपंखी निळा, मग काळा, मग पेटत्या निखाऱ्यासारखा नारिंगी. उघडला, मिटला. उघडला, मिटला. त्या करपलेल्या माळावर तेवढा एकच रंग होता.

पाऊण तासाने मी उठलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. आडनाव तर नाहीच. नवा माणूस भेटल्यावर आडनाव न विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

ते नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. होळीनंतर दर शनिवारी-रविवारी, सुट्टी लागली की पाऊस पडेपर्यंत मुक्कामालाच, आणि पावसाळ्यातही अधूनमधून आमच्या गावात येत. गावाबाहेर बंद पडलेली दूध डेअरी होती, तिची एक खोली त्यांनी घेतली होती. गाव त्यांना सरडेसर म्हणायचं. पाठीमागेही आणि तोंडावरही. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

गावाचा त्यांच्यावर संशय होता, पण त्यांचा सगळ्या जगावर होता. खोलीला तीन कुलपं. कडीत ते बाहेर पडताना दोरा अडकवत आणि परत आल्यावर आधी तो जागेवर आहे का ते पाहत. एसटीतून गावाच्या फाट्यावर कधी उतरत नसत. अलीकडच्या थांब्यावर उतरून शेतातून चालत येत, म्हणजे त्यांच्या मागावर कोणी असलं तर दिसेल. चहा स्वतः करून पीत. आणि तुम्ही काहीही सांगितलंत, अगदी आज मंगळवार आहे असंही सांगितलंत, तरी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कशावरून?"

मी त्यांच्याकडे जायला लागलो तो चौकशीच्या निमित्ताने. कॉलेजचं पत्र, वनखात्याचा परवाना, सगळं तपासलं. कागद चोख होते. अर्ज निकाली निघाला, पण माझी पावलं माळाकडे वळतच राहिली. मला त्या सरड्यांचं वेड लागलं होतं असं नाही. पण माझ्या हाताखालच्या गावांच्या त्या सबंध सजात माझ्याशी बोलताना मी कोण हे मनात न धरता बोलणारा तो एकच माणूस होता, आणि ते खरं आहे का हे मला पाहायचं होतं.

एकदा वाटलं, सापडला. ते दगडावर आकडा रंगवत म्हणाले, "तुमच्या ह्या माळावर दोन जाती आहेत. पण कोणी मानायला तयार नाही."

मी गार झालो. म्हटलं, निघालं शेवटी तोंडातून.

"कोण मानत नाही?" मी विचारलं.

"मोठमोठे लोक. पुस्तकांत एकच लिहिलीय." त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "हा रंगीत पंख्याचा नर तुम्ही पाहिलात. दुसरा एक आहे, बारीक चणीचा. त्याचा पंखा पांढरट, फार तर त्यावर निळसर पुसट रेघ. पुस्तकवाले म्हणतात तो लहान आहे, वयात आला की रंग येईल. मी एकेका पांढऱ्याला ठिपके लावून तीन-तीन उन्हाळे पाहिलंय. रंग येत नाही. तो पूर्ण वाढलेला आहे आणि पांढराच आहे. रंगीताची मादी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. त्याची मादी रंगीताकडे पाहत नाही."

मग मला कळलं की जाती सरड्यांच्या. जीव भांड्यात पडला, पण मनातला प्रश्न गेला नाही. "म्हणजे सोयरीक होत नाही एवढ्यावरून जात वेगळी ठरते?"

"आमच्या शास्त्रात तेवढंच. मूळ घराणं एकच असतं. मग कधीतरी अंतर पडतं. लाखो वर्षं एकमेकांशी जोडा जमला नाही की दोन घराणी होतात, आणि मग जमवू म्हटलं तरी जमत नाही."

"आमच्या गावातही तेवढंच आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "नाही," ते म्हणाले. "गावात एकच जात आहे. हवं तर मोजून दाखवतो."

"कशावरून?" मी विचारलं.

त्यांना हसताना मी तेव्हा पाहिलं. हसणं म्हणजे काय, नाकातून थोडी हवा सोडली.

त्यांच्या संशयाला कारण होतं. तरुणपणी त्यांनी दोन्ही प्रकारचे सरडे बाटल्यांत घालून, सोबत सगळी मापं लिहून, एका मोठ्या माणसाकडे मत विचारायला पाठवले होते. बाटल्या परत आल्या नाहीत. पत्राला उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी एका सभेत तो मोठा माणूस व्यासपीठावरून जे बोलला त्यातली मापं ह्यांची होती, आणि निष्कर्ष मात्र उलटा होता. ते मला म्हणाले, "चोरी झाली त्याचं एवढं नाही. चोरून चुकीचं सांगितलं."

तेव्हापासून ते वह्या मोडीत लिहीत. मोडी म्हणजे आपली जुनी घसटी लिपी, अक्षर अक्षराला जोडलेलं, हात न उचलता लिहायचं. त्यांच्या आजोबांनी त्यांना शिकवली होती. कॉलेजातल्या कोणाला वाचता येत नाही, गावात कोणाला येत नाही, म्हणून ते निर्धास्त असत. वही मांडीवर उघडी ठेवून बिनदिक्कत माझ्यासमोर लिहीत.

मला मोडी येत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आमच्या घरच्या वतनाच्या जमिनीचे जुने कागद मोडीत होते. ते वाचून घ्यायला माझ्या वडिलांना दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहावं लागायचं, आणि वाचणारा खरं वाचतोय की नाही हे कळायला मार्ग नसायचा. म्हणून कर्जतला असताना एका म्हाताऱ्या कारकुनाच्या मागे लागून मी मोडी शिकलो. पहिला कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचला त्या दिवशी वडील माझ्याशेजारी बसून नुसते माझ्या बोटाकडे बघत होते.

तर मी त्यांची वही वाचायचो. मुद्दाम नाही म्हणता येणार. समोर अक्षर आलं की डोळे वाचतातच.

आता कौसाबाईंबद्दल सांगायला हवं. गायरानाच्या उगवतीच्या कडेला दोन-अडीच एकरांचा तुकडा त्या कसत होत्या. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकट्या. आमच्याच समाजातल्या. त्या तुकड्यातले दगड वेचून त्यांनी बांध घातला होता, बाजरी आणि हुलगा घेत. सातबारावर मात्र त्यांचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या आधीच्या तलाठ्याने कधी त्यांचं पीक लिहिलं नव्हतं. गायरान म्हणजे गावाच्या गुरांची जागा, तिथलं पीक कशाला लिहायचं, असा त्याचा हिशेब असावा.

सरडेसरांवर गावात सगळ्यात जास्त संशय होता तो कौसाबाईंचा. "ह्यो मोजनीवालाच हाय," त्या मला म्हणत. "सरडं ही काय मोजायची चीज हाय व्हय? आमाला उठवायला धाडलाय कुनीतरी."

एके दुपारी त्यांनी सरांनी रोवलेल्या सगळ्या खुंट्या उपटल्या. पाचपन्नास असतील. प्रत्येक खुंटी एकेका नराच्या बसायच्या जागेची खूण होती. सगळ्यांची मोळी बांधून त्यांनी ती सरांच्या पुढ्यात आणून टाकली आणि विळा घेऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो.

"कुनी धाडलं तुला? खरं सांग."

सर वर न बघता म्हणाले, "हलू नका."

"मी काय तुला भेत न्हाई."

"हलू नका हो. तुमच्या टाचेजवळ बावीस नंबर आहे."

कौसाबाईंनी खाली पाहिलं. टाचेपासून वीतभर अंतरावर एक सरडा होता, पंखा फडफडवत. त्यांना भिववत होता की काय कोण जाणे. कौसाबाई पाय तसाच धरून उभ्या राहिल्या. दोन मिनिटं तरी असतील. मग तो सरडा मागच्या दोन पायांवर उभा राहून माणसासारखा पळत सुटला, आणि कौसाबाईंच्या तोंडून "अगं आई" निघालं.

"कुठं चालला त्यो?"

"घरी. तुमच्या बांधात राहतो."

"माझ्या बांधात?"

"तुम्ही दगड लावलेत म्हणून राहतो."

सरांनी मोळी सोडली आणि एकेक खुंटी पुन्हा रोवायला लागले, सगळ्या जागा मनाने, कागद न बघता. कौसाबाई थोडा वेळ बघत उभ्या होत्या. मदत केली नाही, पण पुन्हा उपटल्याही नाहीत. मला मात्र नंतर म्हणाल्या, "भाऊसाहेब, मानूस येडा हाय का येडेपन करतोय, त्ये काय मला कळंना."

त्याच वर्षी सरकारकडून हुकूम आला. ठरलेल्या तारखेआधीपासून जे भूमिहीन गायरान कसत आहेत त्यांची नावं लावावीत. कौसाबाईंनी अर्ज दिला. तात्यांनी हरकत घेतली. तुकडा ह्याच वर्षी फोडलाय, आधी तिथे गवत होतं, असं त्यांचं म्हणणं. मी तात्यांना भेटलो तेव्हा ते चिडले नाहीत, उलट खुर्ची पुढे सरकवली. "भाऊसाहेब, मला तिचं वाईट करायचं न्हाई. पर आज तिला दिलं की उद्या धा जन येत्यात. आमची जनावरं कुठं चारायची? अन् तुमी काय लिवनार ते गावाला ठावं हाय."

हे खरं होतं. मी कौसाबाईंच्या बाजूने एक ओळ जरी लिहिली असती तरी ती ओळ माझ्या आडनावानेच वाचली गेली असती. गावातलं कोणी साक्ष द्यायला पुढे येईना. तात्यांच्या विरोधात जायचं कोणी? कागद तर नव्हताच.

पण कागद होता. मी तो वाचला होता. सरांच्या मांडीवर, तीन-चार आठवड्यांपूर्वी. ते जुनी वही ताडून पाहत होते आणि माझ्या डोळ्यांसमोरून ओळी गेल्या होत्या. 'कौसाबाईने पुन्हा नांगर घातला. एकतीस नंबरच्या मादीने काल घातलेली अंडी गेली. गेल्या पावसाळ्यातही हेच केलं. बाईला सांगून उपयोग नाही.' खाली तारीख. सरकारच्या तारखेच्या कितीतरी आधीची.

मी दोन दिवस झोपलो नाही. मागायचं तर आधी कबूल करायला हवं. शेवटी सकाळीच डेअरीवर गेलो. ते स्टोव्हवर चहा करत होते.

"सर, मला मोडी वाचता येते."

त्यांचा हात थांबला. स्टोव्ह बंद केला, वळले, आणि सगळ्यात आधी कडीकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे.

"किती वाचलंस?" तोवर ते मला तुम्ही म्हणत.

"समोर आलं तेवढं."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"कशावरून?"

मी कौसाबाईंचं प्रकरण सांगितलं. तहसीलचे साहेब येत्या सोमवारी जागेवर पंचनाम्याला येणार होते. ती एक वही दाखवलीत तर बाईची जमीन राहील, म्हणालो.

त्यांनी चहाचं भांडं स्टोव्हवरून खाली उतरवलं. मग म्हणाले, "वही दाखवली की ती दप्तरी जमा होईल. त्यात चार उन्हाळे आहेत. दोन जाती आहेत हे सिद्ध करणारे तेच चार उन्हाळे. कोणीही नक्कल काढेल." वर म्हणाले, "आणि ती बाई तिथून उठली तर माझ्या सरड्यांचं भलंच आहे. अंडी तरी वाचतील."

मला संताप आला. "सर, तिची सगळी उमर त्या दगडांत गेलीय."

"मला माहीत आहे. मी लिहिलंय."

"मग?"

"तू जा आता." त्यांनी दार लावून घेतलं. आतूनही तीन कड्या लागल्याचा आवाज आला.

सोमवारी साहेब आले. नायब तहसीलदार, बरोबर शिपाई. झाड नव्हतंच, जीपच्या सावलीत खुर्ची टाकली. तात्या आणि आठ-दहा माणसं एका बाजूला. कौसाबाई एकट्या बांधावर. साहेबांनी विचारलं, पुरावा काय? कौसाबाई म्हणाल्या, "साहेब, ह्यो बांध बघा. येका वर्सात हुतो का असा बांध?" साहेब म्हणाले, बाई, बांध बोलत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पीकपाहणीचं रजिस्टर माझ्या हातात होतं आणि त्यात काही नव्हतं. मी तसं सांगितलं. तात्यांच्या बाजूचं कोणीतरी पुटपुटलं, "आज लई गुमान हायती भाऊसाहेब."

तेवढ्यात छत्री दिसली. सर माळावरून येत होते, खुंट्या चुकवत, म्हणून नागमोडी. काखेत पिशवी. येऊन साहेबांसमोर उभे राहिले, नमस्कार वगैरे काही नाही. पिशवीतून वर्तमानपत्राच्या कव्हरची वही काढली आणि वाचायला सुरुवात केली. तारीख, वार, ऊन किती, वारा कुठला. कोणता नर कोणत्या दगडावर. आणि मधेच, 'बाईने पेरणी केली, बाजरी.' 'बाईने खुरपणी केली, तेरा नंबर आठ दिवस बांध सोडून गेला.' 'बाईने नांगर घातला. अंडी गेली.' एकामागून एक पावसाळे. सगळ्या तक्रारीच होत्या, आणि प्रत्येक तक्रारीत त्या बाईची मशागत होती.

साहेबांनी हात वर केला. "तुम्ही ह्यांचे कोण?"

"कोणी नाही. माझं ह्यांच्याशी पटत नाही."

तात्या पुढे आले. "साहेब, ही कसली लिपी? ह्यो म्हनंल ते खरं मानायचं का?"

"मानू नका," सर म्हणाले. "मी पण मानलं नसतं. तुमच्या दप्तरखान्यात मोडी वाचणारा असेल, त्याच्याकडून वाचून घ्या. इथे एकाला येतं, पण त्याचं तुम्ही धरणार नाही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वही साहेबांच्या मांडीवर ठेवली. ती सोडताना त्यांची बोटं क्षणभर कव्हरावर राहिली.

साहेबांनी पावती द्यायला सांगितली. सर पावती न घेताच चालू लागले. मी धावत मागे गेलो.

"सर, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"बाई असावी की नसावी हा माझा विषय नाही," ते चालता चालता म्हणाले. "ती होती. नोंद आहे. मी गप्प बसलो तर त्या व्यासपीठावरच्या माणसात आणि माझ्यात फरक काय?"

दप्तरखान्यातल्या माणसाने वही वाचली, जशीच्या तशी निघाली. कौसाबाईंचं नाव लागलं. सातबाराचा उतारा मी स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "ह्यात सरड्यांचं बी लिवलंय का?"

वही मात्र परत मिळाली नाही. फाईल अजून चालू आहे, वरिष्ठांकडे आहे, नंतर या, हीच उत्तरं. सर एकदाही मागायला गेले नाहीत. त्या उन्हाळ्यानंतर ते गावात यायचेही थांबले. डेअरीच्या खोलीची कुलपं निघाली. मी नगरला त्यांच्या कॉलेजात गेलो तर भेटले नाहीत, शिपायाकडून निरोप आला, काम आहे.

ते चार उन्हाळे माझ्यामुळे गेले होते. मी दप्तरखान्यात अर्ज टाकून वहीची नक्कल काढायची परवानगी मिळवली. न्यायची नाही, तिथेच बसून उतरवायची. दर शनिवारी कचेरीचं काम उरकलं की तिथे बसायचो, मोडी वाचायचो आणि बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरात उतरवायचो. सबंध हिवाळा गेला. कुठल्या नराने कुठल्याला हाकललं, कुठली मादी कुणाकडे वळली नाही, कुणाची शेपटी घारीने नेली. बावीस नंबर एका जूनमध्ये दिसेनासा झाला ती ओळ उतरवताना मी लेखणी खाली ठेवली होती हे आठवतं.

आणि वहीत शेवटाशेवटाला मी निघालो. पहिल्या भेटीची तारीख. 'नवा तलाठी आला. सहज आलो म्हणतो. खोटं बोलतो. पाऊण तास हलला नाही. असा माणूस धोक्याचा असतो.' ती ओळ मी उतरवली नाही. तिचा सरड्यांशी संबंध नव्हता, असं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर माझी बदली अकोले तालुक्यात झाली, भंडारदऱ्याच्या बाजूला. नक्कल मी पोस्टाने पाठवून दिली होती. पोच आली नाही. पुढे ते कॉलेजातून निवृत्त झाल्याचं कळलं. फार पुढे, म्हणजे अलीकडे, असंही ऐकलं की जाणकारांनी आता रंगीत आणि पांढऱ्या पंख्याच्या सरड्यांच्या जाती वेगळ्या मानल्यात. ते कोणी कोणी दाखवून दिलं त्यात सरांचं नाव मला कुठे दिसलं नाही.

पण त्याआधी, मी अकोले तालुक्यात असतानाच, ते माझ्याकडे आले होते. एका सकाळी दाराशी उभे. पायाशी एक पत्र्याची ट्रंक, एसटीच्या टपावरून उतरवलेली. वाळले होते. आत आले, बसले, आणि पिशवीतून माझी नक्कल काढली. तिच्या पानापानावर लाल शाईच्या खुणा होत्या.

"तीन आकडे चुकलेत," ते म्हणाले. "मुद्दाम?"

"नाही हो सर."

"कशावरून?" पण उत्तराची वाट न बघता त्यांनी शेवटचं पान काढलं. "आणि एक नोंद गाळलीयस."

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

"मला पाठ आहे. नोंद गाळायची नसते. चुकीची असली तरी ठेवायची, आणि खाली दुरुस्ती लिहायची." त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन घेतलं, पान पुढे ओढलं आणि मोडीत लिहू लागले. हात एकदाही उचलला नाही. वरची ओळ मला वाचायची गरज नव्हती. खाली त्यांनी आणखी एक लिहिली, पान माझ्याकडे वळवलं आणि ट्रंक पायाने माझ्या दिशेने सरकवली.

"वाच. येतं ना तुला."

मी वाचलं. 'दुरुस्ती : खोटं बोलतो हे खरंच. चोरूनही वाचतो. तरी बाकीच्या वह्या ह्याच्याकडे ठेवाव्यात.'